संकटात देवावर भरवसा कसा ठेवायचा? मंडळीतून नेहमी येणारे प्रश्न

सलाम. आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या या कोपऱ्यात पाच-सहा गावच्या ख्रिस्ती मंडळ्यांना (चर्चना) मिळून एकच पाळक. महिन्यातून एखाद्या रविवारी आमचा नंबर लागतो, बाकीच्या रविवारी वाचन-प्रार्थना माझ्यासारख्या चार एकरवाल्या कास्तकारावर येऊन पडते. मग उपासना झाली की सतरंजी गुंडाळता गुंडाळता कोणीतरी बाजूला घेतं, "भाऊ, एक विचारू का?" नाहीतर रात्री अकराला व्हॉइस मेसेज येतो आणि मागून लेकरू रडत असल्याचा आवाज. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी सेमिनरी (पाळक घडवणारी शाळा) शिकलेला नाही. यवतमाळात एक मोठी सेमिनरी होती, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली, तेव्हा मी पाटी घेऊन शाळेत जात होतो. लिहिलेलं पाळकसाहेबांना दाखवलं, त्यांनी दोन ठिकाणी कान पकडला, ते दुरुस्त केलंय.

१. भरवसा ठेव, भरवसा ठेव, सगळेच म्हणतात. पण ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

बायबलातल्या मार्कच्या चौथ्या अध्यायात नाव वादळात सापडते ती गोष्ट लहानपणापासून ऐकली असेल. नावेत पाणी भरून राहिलं आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला. शिष्यांनी काय केलं? शांत बसून स्तोत्रं नाही म्हटली. त्याला हलवून उठवलं आणि म्हणाले, गुरुजी, आम्ही बुडतोय याची तुम्हाला काहीच काळजी नाही का? ही चक्क तक्रार आहे. पण तक्रार घेऊन गेले कोणाकडे, तर त्याच्याकडेच. येशू त्यांना विश्वासाबद्दल बोलला हे खरं, पण मार्क सांगतो की आधी वादळ थांबवलं आणि मग बोलला.

भरवसा म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे एवढंच, की घाबरलो, चिडलो, रडलो तरी तोंड त्याच्याकडेच ठेवायचं आणि हातातलं काम सोडायचं नाही. भीती वाटली म्हणजे भरवसा गेला असं नसते. गोठा झाडायचा, लेकरांचा डबा भरायचा, बँकेत जाऊन साहेबाला भेटायचं, आणि हे करता करता देवाशी बोलत राहायचं. डोळे मिटून, चेहरा उजळून बसलं म्हणजेच भरवसा, हे कॅलेंडरवरच्या चित्रात ठीक आहे.

२. देव आहे हे मी मानतोच की. मग भरवसा वेगळा काय असतो?

याकोब लिहितो, देव एकच आहे असं भुतंही मानतात आणि थरथर कापतात. काठावर उभं राहून दोर मजबूत आहे म्हणणं वेगळं आणि गाळ काढायला त्याच दोराला धरून विहिरीत उतरणं वेगळं. उतरताना पाय लटपटतात, ते चालते.

३. माझ्यावरच संकट काऊन? माझ्या हातून पाप झालं म्हणून देव शिक्षा देऊन राहिला का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि येशूला पण हाच विचारला होता. योहान ९ मध्ये जन्मापासून आंधळा माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं का याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. लूक १३ मध्ये शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं दबून मेली त्याची गोष्ट आहे. ते अठरा जण यरुशलेमातल्या बाकी लोकांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटते का तुम्हाला? येशू स्वतःच विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो.

२०१७ साली गुलाबी बोंडअळी आली तेव्हा कोणाच्या घरी प्रार्थना होते आणि कोणाच्या घरी पत्त्यांचा डाव बसतो, हे विचारून ती वावरात शिरली नाही. बोंड फोडलं की आत अळी, सगळ्यांच्याच.

हां, काही संकटं आपण स्वतः ओढून आणतो. लग्नात ऐपतीबाहेर मांडव घातला, सावकाराकडून उचललं, वर दारू, तर मग त्याला देवाची शिक्षा कशाला म्हणायचं, तो आपल्याच हातचा हिशोब आहे. तिथंही देवाचा दरवाजा बंद होत नाही. कोणी कोणी इब्री १२ दाखवतात, की देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याला शिस्त लावतो. वचन खरं आहे, पण ते प्रत्येकानं स्वतःपुरतं वाचायचं. शेजाऱ्याच्या दुःखावर चिकटवायला ते दिलेलं नाही.

४. रागाच्या भरात देवाला वाट्टेल ते बोलले. आता भीती वाटते. माफी मिळंल का?

ताई, बायबलमध्ये तुमच्यापेक्षा वाईट बोललेले बसलेत. स्तोत्र १३ ची सुरुवातच आहे, देवा, तू मला कुठवर विसरणार? सगळं गमावून बसलेला ईयोब तर आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. आणि स्तोत्र ८८ काढून पाहा, पहिल्यापासून शेवटपर्यंत काळोख, शेवटच्या ओळीतही अंधारच. बाकीच्या विलापाच्या स्तोत्रांत बहुधा शेवटी "तरी मी तुझी स्तुती करीन" येते, इथं तेही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही.

माझ्या घरचं सांगतो. तीन वर्षांआधी ऑक्टोबरात सोयाबीन सोंगून गंजी लावली होती. ताडपत्री एकच, तिलाही उंदरांनी भोकं पाडलेली. मळणीयंत्राचा नंबर लागायच्या आदल्या दिवशी पाऊस सुरू झाला तो चार दिवस हटला नाही. पाचव्या दिवशी माय काही न बोलता वावराकडे निघाली, मी मागं. तिनं गंजीत कोपरापर्यंत हात घातला, मग माझं मनगट धरून माझाही हात आत घातला. आतून गरम लागत होतं, चुलीवरून आत्ताच उतरवलेल्या भगोन्यासारखं, आणि वासही तसलाच आंबूस. शेंगा बाहेर ओढल्या तर दाण्याला पांढरे कोंब. मग ती धुऱ्यावर उभी राहून देवाला जे बोलली ते माझ्यासारख्या घोड्यालाही ऐकवेना. "तुले दिसत नाही का रे? माह्या लेकरानं व्याजानं पैसे आणून बी टाकलं, तू वरून पाहूनच राहिला का?" असं बरंच. आवाज पार पांदणीपर्यंत जात असंल. शेवटी पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आमेन". घरी आलो आणि तिनं चहा मांडला.

ते भांडणच होतं, पण शेवटी आमेन होतं. बोलणं कोणाशी चाललंय हे ती विसरली नव्हती. मला नाही वाटत देवानं ते मनावर घेतलं असंल. ईयोबाच्या पुस्तकातही शेवटी देव रागावतो तो ओरडणाऱ्या ईयोबावर नाही, त्याला शहाणपण शिकवणाऱ्या मित्रांवर (हे मित्र पुन्हा प्रश्न १४ मध्ये येतील).

५. इतकी प्रार्थना केली, उपास केले, तरी उत्तर नाही. अजून किती दिवस थांबायचं?

किती दिवस, हे मला कसं माहीत असणार. बेथानीत लाजर आजारी पडला तेव्हा बहिणींनी येशूला निरोप पाठवला, निरोप मिळूनही तो दोन दिवस होता तिथंच थांबला, आणि पोचला तोवर लाजराला कबरेत चार दिवस झालेले. मार्था आणि मरीया दोघीही वेगवेगळ्या येऊन एकच वाक्य बोलतात, प्रभुजी, आपण इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. येशू त्यांना रागवत नाही. पुढं "येशू रडला" असं दोनच शब्दांचं वचन आहे.

येशूनं लाजराला मेलेल्यातून उठवलं हे आपण आनंदानं सांगतो. पण प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे अंगाला लागलेला त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा गेला नाही, उत्तर मिळालं ते "माझी कृपा तुला पुरे आहे". गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. म्हणजे "नाही" हेही उत्तर असते, आणि ते ऐकावं लागलं म्हणजे तुमच्या प्रार्थनेत खोट होती असं होत नाही.

माझ्या धाकट्या भावासाठी आम्ही एकवीस दिवस उपास-प्रार्थना केली होती. तो गेला. काऊन गेला ते मला आजही माहीत नाही, आणि जो कोणी मला कारण समजावून सांगायला येतो त्याला मी चहा पाजून वाटंला लावतो.

६. देव करंल ते खरं म्हणायचं आणि पीकविमा पण काढायचा, हा दुटप्पीपणा नाही का?

नाही. योसेफानं मिसरात (इजिप्तमध्ये) सात वर्षं चांगल्या पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरून ठेवला, पुढं सात वर्षं दुष्काळ पडणार म्हणून. ते अविश्वासाचं काम असतं तर देवानं त्यालाच स्वप्नाचा अर्थ कशाला सांगितला असता? विमा काढा, पावती जपून ठेवा, नुकसान झालं की मुदतीत कळवा. आमच्या गंजीच्या वेळी बहात्तर तासांची मुदत होती, त्यातला एक दिवस मी मोबाइलला रेंज शोधत टाकीवर चढण्यात घालवला.

आता विमाही नाही मिळाला, नाफेडच्या सरकारी खरेदीलाही माल गेला नाही, मग काय? त्या जागेसाठी हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक वाचा, तिसरा अध्याय, वचन १७ आणि १८. अंजिराला फूल नाही, द्राक्षाला फळ नाही, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं तो म्हणतो. मी हे वाचतो तेव्हा अंजिराच्या जागी पऱ्हाटी (कपाशी) येते आणि द्राक्षाच्या जागी तूर. एक लक्षात घ्या, तो नुकसान लपवत नाही, पंचनामा करणाऱ्या तलाठ्यासारखी आधी एकेक गोष्ट मोजतो आणि मग "तरी" म्हणतो. मला त्या "तरी" पर्यंत पोचायला कधी कधी अख्खा रब्बी लागतो.

७. प्रार्थनेच्या मीटिंगमध्ये सांगितलं की विश्वास असंल तर गोळ्या बंद करा. करू का?

नाही. नाही म्हणजे नाही. शुगरची, बीपीची, झटक्याची, टीबीची, डोक्याची, कोणतीच गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. लूक वैद्य होता, पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो. तोच पौल तीमथ्याला पोटाच्या त्रासावर थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगतो, तेव्हा तीमथ्याचा विश्वास कमी होता काय? याकोब म्हणतो मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करा, पण दवाखान्यात जाऊ नका असं तो कुठंच म्हणत नाही. आपल्या विदर्भात वाशिमला, उमरीला, कोठाऱ्याला मिशनचे दवाखाने उभे राहिले ते प्रार्थना करणाऱ्या लोकांनीच उभे केले ना?

आमच्या बाजूच्या गावात एका मावशीनं माइकवर साक्ष दिली की मी बरी झाले आणि शुगरच्या गोळ्या सोडल्या. पावसाळ्यात पायाला साधं खरचटलं, ते भरंच ना. अंगठा गेला. त्या मीटिंगवाला तिच्या घरी पाहायला आला नाही. बरं झालं असं वाटत असंल तर चांगलंच आहे, रक्त तपासा, रिपोर्ट डॉक्टरला दाखवा, देवानं बरं केलं असंल तर ते रिपोर्टमध्येही दिसंल.

८. आम्ही नवसासारखं बोललो होतो, मूल झालं तर इतकं देऊ. आणि दशांश (कमाईचा दहावा हिस्सा) दिला की कर्ज फिटते असं एक प्रचारक म्हणत होते. खरं काय?

देव सावकार नाही, की इतकं टाक, तितकं नेशील. नवस बोलला असाल आणि फेडता येत असंल तर फेडा, उपदेशक ५ मध्ये तसंच आहे. त्याच ठिकाणी हेही आहे की नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. शास्ते ११ मध्ये इफ्ताहानं घाईघाईत तोंडातून काढलेला नवस त्याच्या पोटच्या पोरीवर येतो, म्हणून आधी बोलून बसू नका.

मलाखी ३:१० मध्ये दशांशाचा आशीर्वाद आहे, ते मी नाकारत नाही, मी स्वतः जमंल तसा देतो. पण लेकराची फी थकली, किराणावाल्याची उधारी डोक्यावर, आणि त्यात कोणी "हजार पेरा, लाख उगवंल" म्हणत पेटी फिरवत असंल तर हात खिशातच ठेवा. पेरल्यावर किती उगवते ते कास्तकाराला शिकवू नये कोणी. प्रार्थना केलेली तेलाची बाटली, पाण्याची बाटली विकत देणाऱ्यांचं पण तेच. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये शिमोन पैसे देऊन देवाचं दान विकत घ्यायला गेला तर पेत्रानं त्याला काय सुनावलं ते वाचा, मी इथं लिहीत नाही.

९. स्टेटसला ठेवतात ते यिर्मया २९:११, "तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत". मग माझं हित कधी होणार?

ते वचन ज्या पत्रातलं आहे ते पत्र अख्खं वाचा. बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या लोकांना ते लिहिलंय आणि बरोबर आधीच्या वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितलीय. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परत गाव पाहणारच नव्हते. त्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, बाग लावा, पोरापोरींची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. वचन खोटं नाही. ते पुढच्या महिन्याच्या पगाराचं वचन नाही एवढंच. स्टेटसला ठेवा, पण पाचव्या वचनापासून.

१०. देव सोसवंल तेवढंच देतो म्हणतात. मला तर सोसवून नाही राहिलं.

हे वाक्य असं बायबलमध्ये नाही. जवळचं आहे ते १ करिंथ १०:१३, पण तिथं बोलणं मोहात पडण्याच्या परीक्षेबद्दल आहे, दुःखाच्या ओझ्याबद्दल नाही. उलट पौल २ करिंथच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आमच्यावर शक्तीपलीकडे भार आला, इतका की जगण्याची आशाच सुटली. पौलाला सोसवलं नाही, तुम्हाला नाही सोसवत तर लाजायचं काय? ओझं वाटून घ्या, गलतीकरांत तेच सांगितलंय, एकमेकांची ओझी वाहा म्हणून. आणि "सोसवत नाही" म्हणजे जीव नकोसा झाला असं असंल तर लगेच पुढचा प्रश्न वाचा.

११. मरून जावं असं वाटते. ख्रिस्ती माणसाला असं वाटणं पाप आहे का?

पाप-बिप नंतर. आधी हे करा: आत्ता घरात जो कोणी जागा असंल त्याला उठवा आणि हेच वाक्य त्याला सांगा. कोणी नसंल तर १४४१६ लावा, टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही लागते, मराठीत बोलता येते. आणि फवारणीचं औषध घरात असंल तर डबा शेजाऱ्याकडे द्या, कारण विचारलं तर सांगा, नाही सांगितलं तरी चालते, पण डबा घरात नको.

आता एलीया. १ राजे १९. मोठा संदेष्टा, नुकताच कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहिलेला, तो एका झुडपाखाली बसून म्हणतो, देवा, पुरे झालं, माझा जीव घे. देवानं त्याला वचन ऐकवलं नाही, विश्वासावर भाषण दिलं नाही. झोपू दिलं. दूत आला, उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन तो परत झोपला, परत उठवलं, परत खाऊ घातलं. बोलणं नंतर झालं. त्यामुळं कोणी असं सांगितलं की आम्हीही आधी जेवले का विचारतो. झोप उडणं, भूक मरणं, कशातच मन न लागणं हे पंधरा दिवस चाललं तर तो आजार असू शकतो, त्याला डॉक्टर लागतो, आणि त्याच्या गोळीलाही प्रश्न ७ चाच नियम.

१२. आमच्या घरच्यानं आत्महत्या केली. तो नरकात गेला असं लोक तोंडावर म्हणतात. पाळकांनी कबरेवर प्रार्थना करायला पण आढेवेढे घेतले.

हे लिहिताना दोनदा थांबलो. आपल्या भागात हे घर प्रत्येक गावात आहे.

आत्महत्येची क्षमाच नाही असं वचन बायबलमध्ये मला सापडलं नाही, पाळकसाहेबांनाही विचारलं, तेही नाही म्हणाले. आपल्या हातानं जीव घेतलेल्यांचे उल्लेख आहेत, शौल राजा, येशूला धरून देणारा यहूदा, दावीद राजाचा सल्लागार अहिथोफेल. अहिथोफेलाबद्दल २ शमुवेल १७ मध्ये लिहिलंय की त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरलं, म्हणजे गावाबाहेर फेकलं नाही. कॅथलिक मंडळी पूर्वी या बाबतीत फार कडक होती, आज त्यांच्याच धर्मशिक्षणाच्या पुस्तकात लिहिलंय की अशा माणसाच्या तारणाविषयी आशा सोडू नये, आणि मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. जीव घेणं चुकीचंच, त्यावर सगळ्या मंडळ्यांचं एकमत आहे. पण शेवटच्या घटकेला त्या माणसाच्या मनात काय होतं आणि देवानं तिथं काय केलं, हे ओट्यावर बसून ठरवायचा अधिकार कोणालाच नाही. रोम ८ मध्ये पौल यादी देतो, मरण, जीवन, वर्तमान, भविष्य, यातलं काहीच देवाच्या प्रीतीपासून वेगळं करणार नाही. यादीत मरण पहिलंच आहे.

तुमच्या पाळकांनी आढेवेढे घेतले त्याबद्दल मला वाईट वाटते. दुसरे पाळक बोलवा, वर्षश्राद्धासारखं नको, आठवणीची उपासना घरी ठेवा. लोक कमी आले तरी ठेवा.

१३. नातेवाईक म्हणतात, तुम्ही देव बदलला म्हणून कोप झाला. त्यांना काय उत्तर देऊ?

वाद नका घालू. ते तुमचेच लोक आहेत आणि बहुतेक वेळा काळजीपोटी बोलतात. दुष्काळ, अळी, आजार सगळ्यांच्या घरी येतात हे त्यांनाही माहीत असते, प्रश्न ३ मधलंच सांगा, त्यांच्या देवाबद्दल वाईट शब्द न काढता. त्यांच्या घरी मयत झाली, लग्न झालं, तर आधी पोचा. आमच्या गंजीच्या वेळी उरलेलं सोयाबीन सुकवायला स्वतःचं अंगण देणारा माणूस चर्चमध्ये कधी आलेला नाही, आणि देवानं मदत पाठवली का असं कोणी विचारलं तर मी त्याच्याच घराकडे बोट दाखवतो.

१४. दुःखाच्या घरी गेल्यावर बोलावं काय? मला सुचतच नाही.

नाही सुचत तेच बरं. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत, तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. मी स्वतः एकदा जवान पोरगा गेलेल्या घरी "देवाची इच्छा" म्हणून बसलो, तर त्या माऊलीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. तेव्हापासून मी पिठलं-भाकर नेतो, ढोरांना पाणी पाजतो, कागदपत्रासाठी तहसीलला सोबत जातो. आणि तिसऱ्या महिन्यात परत जा. पहिल्या आठवड्यात दारात चपला मावत नाहीत, तिसऱ्या महिन्यात एकही नसते.

१५. नवरा दारू पिऊन मारते. मंडळीत सांगितलं तर म्हणाले, भरवसा ठेव, सहन कर, देव त्याला बदलंल. सहन करणं म्हणजेच भरवसा ना?

नाही बाई. शौल राजानं भाला फेकला तेव्हा दावीद भिंतीला टेकून स्तोत्र म्हणत बसला नाही, बाजूला सरकला, आणि रात्री त्याच्या बायकोनं त्याला खिडकीतून खाली उतरवून पळवलं. येशूचे आईबाप योसेफ आणि मरीया बाळाला घेऊन रातोरात मिसरात गेले. जीव वाचवून निघणं हे अविश्वासाचं काम नाही. माहेरी जा, बहिणीकडे जा, १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) लावा, २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा तुमच्यासाठीच आहे. नवऱ्यासाठी प्रार्थना करायची तर सुरक्षित जागी बसूनही करता येते. आणि मंडळीतल्या वडिलांनो, बाईला सहन कर म्हणायच्या आधी नवऱ्याला बोलवून घ्या की एकदा.

१६. साक्षीत नेहमी शेवटी चांगलं झालेलंच ऐकू येते. ज्यांचं चांगलं झालंच नाही त्यांचं काय?

बरोबर पकडलं. माइक त्यालाच मिळतो ज्याची गोष्ट पूर्ण झाली. पण इब्री ११ पूर्ण वाचा. आधी सिंहांची तोंडं बंद झाली, तलवारीपासून वाचले, हे सगळं आहे, आणि मग ३५ व्या वचनाच्या मध्यातच गाडी वळते, कोणी हालहाल होऊन मेले, कोणाला दगडमार झाला, कोणाला करवतीनं कापलं, आणि यांनाही वचनाप्रमाणे फळप्राप्ती झाली नाही असं सरळ लिहिलंय. दोन्ही गट एकाच यादीत, विश्वासाच्याच.

आपल्याच महाराष्ट्रातल्या पंडिता रमाबाई घ्या. ख्रिस्ती व्हायच्या आधीच दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा, हातात लहान मुलगी. पुढं १८९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून कितीतरी निराधार मुली केडगावला आणून सांभाळल्या. आणि १९२१ मध्ये ती एकुलती एक मनोरमाही गेली, रमाबाईंच्या आधी. त्या वेळी त्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही, १९२२ मध्ये स्वतः जाईपर्यंत. याला शेवट गोड म्हणायचा का कडू, मला ठरवता येत नाही.

दानीएल ३ मध्ये राजाच्या मूर्तीला न नमल्यानं जाळायला आणलेले तिघं भट्टीसमोर म्हणतात, आमचा देव वाचवायला समर्थ आहे, आणि नाही वाचवलं तरी आम्ही मूर्तीपुढं वाकणार नाही. सभेत पहिला अर्धा भाग जोरात सांगतात. मला दुसरा जास्त कामाचा वाटतो.

१७. प्रार्थनेला बसतो पण काहीच वाटत नाही, शब्दच येत नाही.

मार्क ९ मधल्या आजारी पोराच्या बापाचं वाक्य उसनं घ्या, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. तेवढंच म्हणून उठा. रोम ८:२६ म्हणते की शब्द नसले तर देवाचा आत्मा आपल्यासाठी कण्हतो. त्या दिवसांत बाकीच्यांना तुमच्यासाठी प्रार्थना करू द्या.

१८. रात्री झोप येत नाही, त्या वेळी काय वाचू?

कर्जाचा आकडा डोक्यात फिरत असंल तर स्तोत्र ४६ किंवा १२१, दोन्ही छोटी आहेत. रडू येत असंल तर १३ आणि ८८. देव कुठं गेला असं वाटत असंल तर २२, क्रूसावर येशूनं त्याचीच पहिली ओळ म्हटली होती. मायला वाचता येत नाही, तिला तेविसावं पाठ आहे, अंधारात खाटेवर पडून म्हणते. "मला काही उणे पडणार नाही" इथं आली की ती दरवेळी जराशी थांबते आणि मग पुढं जाते. काऊन थांबते ते मी विचारलं नाही.

ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी मोबाइलवर मराठी ऑडिओ बायबल फुकट मिळते, पोराला सांगून स्तोत्रसंहिता डाउनलोडच करून ठेवा, कारण वादळ आलं की आपल्याकडे आधी लाइट जाते आणि मागोमाग रेंज.